हाताने पाहायचे कुत्रे

मार्च उजाडला की आमच्या फाटकासमोरून जाणारी माणसे लांब केसांची आमची कुत्री पाहून क्षणभर थांबतात आणि गेली सहा वर्षे तोच एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. दूध घालणारे अण्णा म्हणतात, "आक्का, एवढ्या उन्हात हिला घोंगडं पांघरून ठेवलंय होय?" सिलिंडर घेऊन येणारा मुलगा म्हणतो, "मशीन मारून टाका की मॅडम, मोकळी होईल बिचारी." विचारणाऱ्यांच्या मनात माया असते, त्यामुळे रागावता येत नाही, आणि उत्तर इतके लांबलचक आहे की ते फाटकात उभे राहून देता येत नाही.

शेवंती ही रफ कोली जातीची. माझा भाचा पुण्यात नोकरीला असताना त्याने तिला पिल्लू असताना घेतले, आणि परदेशी बदली झाल्यावर "आत्या, दोनच महिने" असे सांगून जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी आणून सोडले. ते दोन महिने अजून संपलेले नाहीत. तिचे मूळ नाव इंग्रजी होते आणि ते आईच्या जिभेवर काही केल्या बसेना. तिच्या मानेभोवतीचा पांढऱ्या केसांचा दाट झुबका पाहून आईने पहिल्याच संध्याकाळी तिला शेवंती म्हणून हाक मारली, तिने मान वळवून पाहिले, आणि पुण्याचे नाव तिथेच संपले.

ही कुत्री स्कॉटलंडच्या आणि इंग्लंडच्या उत्तरेकडच्या थंड, ओल्या डोंगरांत मेंढरे राखण्यासाठी तयार झाली. १८६० च्या दशकात व्हिक्टोरिया राणीने बालमोरलला ती पाळली आणि मेंढपाळाच्या झोपडीतला हा प्राणी श्रीमंतांच्या दिवाणखान्यात गेला. तिथून आमच्या शहाबादी फरशीवर येईपर्यंत माणसांनी तिला बराच प्रवास घडवला. अंगावरचा कोट मात्र त्या डोंगरांतलाच राहिला. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो. त्यामुळे मी आरंभीच स्पष्ट सांगते की कुणी मला विचारून सोलापुरात कोली आणणार असेल, तर मी नको म्हणेन. पण जी घरात आलीच आहे तिचे काय करायचे, हा वेगळा प्रश्न आहे आणि मला त्याचेच उत्तर शोधावे लागले.

कोलीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब, सरळ आणि हाताला किंचित राठ लागणारे. त्यांच्या मुळाशी कापसासारखी मऊ, दाट लव. वरचे केस ऊन, पाऊस आणि काटे अडवतात. आतली लव हवेचा एक थर धरून ठेवते. हा थर थंडीत ऊब टिकवतो हे कुणालाही पटते, परंतु बाहेरचे ऊन कातडीपर्यंत सरळ पोहोचू न देण्याचे कामही तोच करतो, हे पटायला वेळ लागतो. शेतात राबणारा माणूस भर उन्हात उघडा न राहता डोक्याला टॉवेल का गुंडाळतो, एवढे आठवले की पुरे. शिवाय कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना येतो तेवढाच, आणि अंगातली बहुतेक उष्णता ते धापा टाकून, जिभेवाटे बाहेर घालवते. केस भादरले म्हणजे घाम वाळून गार वाटेल, हा आपल्या कातडीचा अनुभव आपण तिच्यावर लादत असतो. दोन थरांचे केस मुळापासून काढले तर ते पुष्कळदा पूर्ववत उगवत नाहीत; लव आधी येते, वरचे केस मागे राहतात, कुठे चट्टे पडतात, आणि तोवर उघडी पडलेली गोरी कातडी उन्हात भाजून निघते.

मात्र ह्या सगळ्याला एक अट आहे. आतली लव सुटी असली पाहिजे. गळालेली लव तिथेच अडकून नमद्यासारखी दाबली गेली की हवा खेळत नाही, आणि मग दूधवाले अण्णा म्हणतात ते खरे होते, ते घोंगडेच असते.

त्या पहिल्याच वर्षी आमच्या घरामागच्या शेतात ज्वारीची काढणी झाल्यावर मालकाने खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. धनगराचा वाडा चार दिवस तिथे होता. कळपाबरोबर दोन कुत्री होती. आखूड केसांची, पोट खपाटीला गेलेली, आणि सावलीत पडल्या पडल्या एका कानाने सगळा कळप ऐकणारी. शेवंतीने कुंपणातून मेंढ्या पाहिल्या आणि आयुष्यात कधी मेंढी न पाहिलेले हे पुणेरी कुत्रे पोट जमिनीला टेकवून, मान पुढे करून, ठार स्तब्ध झाले. म्हातारे धनगर मामा कुंपणाशी आले आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. "कातरायची न्हाय का हिला? आमी मेंढरं वर्सातनं दोनदा कातरतो की." मी त्यांना समजावले की मेंढीची लोकर वाढतच राहते, ती माणसाने काढली नाही तर मेंढीलाच ओझे होते; कुत्र्याचा केस मात्र ठरावीक लांबीला थांबतो आणि आपोआप गळून नवा येतो. मामांना हे काही पटले नाही. पण बोलता बोलता त्यांनी कुंपणावरून हात घालून तिच्या गळ्याखालच्या केसांत बोटे रोवली, डोळे दुसरीकडेच ठेवून थोडा वेळ चाचपले आणि तुरीच्या डाळीएवढी फुगलेली गोचीड काढून माझ्यापुढे धरली. मी रोज ब्रश फिरवत होते. रोज तिला पाहत होते. "डोळ्यानं दिसत न्हाय हे, आक्का," ते म्हणाले. "हात घाला."

कातरण्याबाबत मामा चुकले होते. हाताबाबत मात्र मला त्यांचेच ऐकावे लागले. वरवर ब्रश फिरवला की कोली चकचकीत दिसते, आणि हीच फसगत आहे, कारण ब्रशची टोके वरच्या केसांवरून घसरतात आणि मुळाशी गुंता वाढतच राहतो. खरी पद्धत वेळखाऊ आहे. कुत्र्याला कुशीवर झोपवायचे, डाव्या हाताच्या तळव्याने केसांचा जाड पदर वर उचलून धरायचा, खाली कातडीची पांढरी रेघ दिसेपर्यंत भांग पाडायचा, त्यावर पाण्याचा हलका फवारा मारायचा, कारण कोरडा केस विंचरताना तुटतो, आणि मग त्या रेघेपासून बाहेरच्या दिशेने थोडे थोडे केस सोडवत यायचे. एक रेघ झाली की बोटभर वर दुसरी. पोटाकडून पाठीकडे जाताना माझ्या एका बाजूला पाऊण तास लागतो. शेवटी स्टीलची दातेरी फणी मुळापासून टोकापर्यंत कुठेही न अडखळता गेली, तरच ती बाजू झाली असे मानायचे. आठवड्यातून दोनदा हे पुरते, पण लव गळण्याच्या दिवसांत रोज बसावे लागते. थंड देशांत हे गळणे ऋतूंप्रमाणे वर्षातून साधारण दोनदा होते. आमच्याकडे थोडेफार बाराही महिने चालू असते आणि फेब्रुवारीच्या अखेरीस तर पिशव्या भरतात.

हे काम मला आईने शिकवले असे म्हटले तर लोक हसतात, कारण तिने जन्मात कुत्रे पाळले नव्हते. पण माझे वडील चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर होते आणि आई घरी बसून कांड्या भरायची, म्हणजे मागासाठी लहान नळ्यांवर सूत गुंडाळायची. साखर पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत सूत, कांड्या आणि गुंते ह्यांच्यातच आम्ही मोठे झालो. गुंता हाती आला की आई तो कधी ओढत नसे. आधी तो दोन्ही हातांनी फुलवायची, फुगवून त्याला हवा द्यायची, आणि मग बाहेरचे एक टोक सोडवून आत शिरायची. शेवंतीच्या कानामागच्या गाठीवर तिने हेच केले. गाठीचे मूळ चिमटीत धरले, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. गाठ बोटांनी उभी फाडून तिचे चार भाग केले. मग फणीच्या टोकाच्या दोनच दातांनी एकेक भाग शेंड्याकडून मोकळा केला. अशा घट्ट गाठीला मराठीत जट हा नेमका शब्द आहे, पण आई तो घरात उच्चारू देत नाही. केसांत जट आली की मुलीला यल्लम्मा देवीला सोडायचे, आणि आमच्या भागात त्या शब्दाखाली किती बायकांची आयुष्ये गेली, हे तिने जवळून पाहिले आहे. म्हणून आम्ही गाठच म्हणतो.

गाठी कुठे होतात हे आता मला झोपेतही सांगता येईल: कानामागचे रेशमासारखे केस, पुढच्या पायांच्या बगला, गळपट्ट्याखालची मान, आणि मागच्या पायांवरची झालर. कानामागे तर दोन दिवस दुर्लक्ष झाले तरी पुरते. दुसऱ्या वर्षी कुठल्याशा लग्नाच्या गडबडीत मी पंधरा दिवस फणी हातात घेतली नाही, आणि मग घाई करून कात्री घेतली. गाठ जिथे संपते असे मला वाटले तिथे कातडीची घडी वर ओढली गेली होती. शेवंती ओरडली नाही, फक्त माझ्याकडे पाहून मागे सरकली. फरशीवर थेंब पडले तेव्हा मला कळले. तीन टाके पडले. त्या दिवसापासून गाठीजवळ कात्री आणायची नाही असा घरात नियम आहे. अगदीच नाइलाज झाला, तर आधी गाठ आणि कातडी ह्यांच्यामध्ये फणी घालायची आणि फणीच्या बाहेरच्या बाजूने कापायचे. तळव्यांच्या गाद्यांमधले केस तेवढे मी आखूड ठेवते, एरवी ती गुळगुळीत फरशीवर घसरते. त्याच वेळी पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचे, जमिनीला न टेकणारे अंगठ्याचे नखही पाहते. ते झिजत नाही, केसांत दडून गोल वाढत जाते आणि वेळेवर कापले नाही तर मांसात घुसते.

आंघोळीचे वेळापत्रक आमच्याकडे महानगरपालिका ठरवते. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, आणि शेवंतीला ओले करायलाच दोन बादल्या लागतात, कारण पहिली बादली वरच्या केसांवरून नुसती वाहून जाते. साबणाचा अंश लवेत राहू नये म्हणून पुढे आणखी चार. कूपनलिकेच्या पाण्याने धुवून पाहिले, पण त्यातल्या क्षारांनी केस राठ आणि चिकट होतात, म्हणून निदान शेवटच्या दोन बादल्या नळाच्या पाण्याच्या असतात. महिना-दीड महिन्यातून एकदा आंघोळ पुरे, तीही कुत्र्यांच्याच शांपूने. आपली कातडी आम्लधर्मी आहे, त्यांची तितकी नाही, आणि आपला शांपू त्यांची कातडी कोरडी करतो. मात्र आंघोळीच्या आधी प्रत्येक गाठ सुटलेली हवी. ओली गाठ वाळताना आवळते आणि मग ती सुटत नाही.

उन्हाळ्यात तिला वाळवणे सोपे असते. पावसाळ्यात वरचे केस तासाभरात कोरडे लागतात आणि आतली लव संध्याकाळपर्यंत दमट राहते. अशा दमट जागी एके दिवशी कातडी लाल होते, शेवंती चाटून चाटून तिथे ओली जखम करते, आणि तळहाताएवढा भाग एका रात्रीत चिघळतो. ते एकदा भोगल्यावर मी हेअर ड्रायर घेतला. तो गार हवेवर ठेवून, बोटे लवेत घालून, पाऊण तास. वीज गेली की मी आणि आई जुन्या सोलापुरी टॉवेलांनी दोन्ही बाजूंनी टिपत बसतो.

पाऊस संपला की कुसळे येतात. नान्नजच्या बाजूला किंवा विजापूर रस्त्याने बाहेर पडले की दिसणारे आपले माळ ऑक्टोबरमध्ये फार देखणे असतात, परंतु ते सोनेरी गवत वाळले की त्याची कुसळे पीळ सोडत, गिरमिटासारखी आत शिरतात आणि मागे येत नाहीत. आखूड केसांच्या कुत्र्याच्या अंगावरून ती गळून पडतात. शेवंतीच्या झालरीत ती बसून राहतात, आणि तिथून बोटांच्या बेचक्यांत किंवा कानात जातात. कुत्रे अचानक एकाच बाजूला डोके झटकू लागले, तर कानात कुसळ असण्याची शक्यता आधी पाहावी आणि ते स्वतः कोरून काढायला जाऊ नये. फिरून आल्यावर दारातच बसवून चारही पंजे उघडून पाहणे हा आता आमचा रिवाज आहे. सराटे निदान लगेच टोचतात आणि ती लंगडून सांगते. कुसळ मात्र गुपचूप काम करते.

गोचिडीकडे परत येते, कारण सगळ्यांत मोठा धडा तिनेच दिला. मामांनी ती एक काढून दिली त्यानंतर महिनाभरात शेवंतीने खाणे सोडले. अंग तापले होते, हिरड्या फिक्या पडल्या होत्या आणि पोटाच्या कमी केसांच्या भागावर बारीक जांभळे ठिपके दिसत होते. रक्त तपासले तेव्हा प्लेटलेट चाळीस हजारांच्याही खाली होत्या; निरोगी कुत्र्यात त्या दोन लाखांच्या वर असतात. गोचिडीतून होणारा हा एर्लिकिया नावाच्या जंतूचा ताप आपल्या उष्ण भागात नेहमीचा आहे. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चार आठवडे चालल्या आणि ती वाचली.

पण त्याच दिवशी दवाखान्यात दुसरे एक संकट अंगावरून गेले. गोचिडी मारण्यासाठी सहायकाने आयव्हरमेक्टिनची सुई भरायला घेतली. शेळ्या-मेंढ्यांना आणि गावठी कुत्र्यांना हे औषध सर्रास दिले जाते, आणि बहुतेकांना ते चालतेही. कोलीची गोष्ट निराळी आहे. मेंदूत औषधे शिरू नयेत म्हणून रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक पंपासारखी व्यवस्था असते, आत येऊ पाहणारे औषध ती परत रक्तात ढकलते. ह्या पंपाची कृती ज्या जनुकात आहे त्याचे नाव एमडीआर१. कोलीमध्ये ह्या जनुकात एक तुकडा गळालेला असतो, हे अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात २००१ मध्ये उलगडले, आणि तिकडच्या तपासण्यांत साधारण दहापैकी सात कोलींमध्ये त्याची निदान एक सदोष प्रत आढळली आहे. अशा कुत्र्याला गोचिडीसाठी वापरतात त्या मात्रेत आयव्हरमेक्टिन दिले, तर ते मेंदूत साचते. बुबुळे विस्फारतात, लाळ गळते, तोल जातो, दिसेनासे होते, पुढे बेशुद्धी आणि मृत्यूही. त्यावर नेमका उतारा नाही. जुलाबावरची लोपेरामाइडची साधी गोळीसुद्धा ह्याच कारणाने कोलीला घातक ठरू शकते, आणि ती आपल्या प्रत्येक घरातल्या औषधांच्या डब्यात असते.

भाच्याने कुत्र्याबरोबर दिलेल्या फायलीत हे एका ओळीत लिहिलेले होते, आणि ती ओळ मी वाचली होती एवढेच माझे नशीब. मी "थांबा" म्हणाले. सहायकाला ते आवडले नाही. मुख्य डॉक्टरांनी मात्र शांतपणे ऐकून घेतले, स्वतः वाचून पाहिले, आणि मग गोचिडीसाठी दुसऱ्या प्रकारची गोळी दिली, जी कोलीला चालते. आता तिच्या फायलीच्या वेष्टनावर मी लाल शाईने औषधांची नावे लिहिली आहेत आणि फाइल हातात घेतल्याशिवाय आम्ही दवाखान्याची पायरी चढत नाही. घरातल्या गोचिडींचाही बंदोबस्त करावा लागला, कारण आपल्याकडची तपकिरी गोचीड अंगावर असते त्याहून अधिक काळ भिंतींच्या भेगांत काढते आणि एकेक मादी हजारो अंडी घालते. त्या वर्षी आम्ही कुंपणाच्या भिंतीच्या सगळ्या फटी सिमेंटने लिंपल्या.

उन्हाळ्याची दिनचर्या साधी आहे आणि तिच्यात सवलत नाही. पहाटे साडेपाचला फिरणे, सातच्या आत घरी. संध्याकाळी रस्त्यावर उलटा हात पाच-सात सेकंद ठेवता आला, तरच बाहेर पडायचे. डांबर अंधार पडल्यावरही बराच वेळ तापलेले असते. आपली हवा कोरडी असल्यामुळे साधा पाण्याचा कूलर उत्तम चालतो, आणि त्याच्यासमोरच्या शहाबादीवर ती दुपारभर चारी पाय पसरून पडते. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश असते. ते ४१ च्या वर गेले की जिवावर बेतते. धाप थांबेना, हिरड्या लालभडक झाल्या, पाय लटपटू लागले तर साध्या गार पाण्याने लवेच्या मुळापर्यंत अंग भिजवायचे, पंखा लावायचा आणि दवाखाना गाठायचा; नुसते वरून पाणी शिंपडून उपयोग नाही, ते कातडीला लागतच नाही.

केस आणखी एक गोष्ट लपवतात, ती म्हणजे अंगकाठी. पहिल्या वर्षी सगळे म्हणायचे, काय गुबगुबीत आहे, आणि आंघोळीत ओली झाली की हाडांचा सापळा दिसायचा. तापानंतर उलटे झाले. लाडाने भाकरी-तूप इतके झाले की फासळ्या हाताला लागेनात. तिचे वजन पंचवीस किलोच्या आसपास राहावे असे डॉक्टर सांगतात, पण वजनकाट्यापेक्षा मला फासळ्यांवरून फिरणारी बोटे अधिक विश्वासाची वाटतात. उकडलेले कोंबडीचे मांस, अंडे, थोडा भात आणि कधी दही असे तिचे जेवण आहे. घरातली शेंगांची चटणी आणि कांदा घातलेले काहीही वर्ज्य, कारण लसूण आणि कांदा दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. सोलापूरच्या घरात चटणीचा डबा कुत्र्यापासून लांब ठेवणे हे केस विंचरण्याहून कठीण काम आहे, हे जाता जाता नोंदवते.

परवा विंचरणी झाल्यावर निघालेली लव मी नेहमीप्रमाणे पिशवीत भरत होते, तेव्हा आईने त्यातला एक पुंजका उचलला. चष्मा न लावता तो बोटांत फुलवला आणि मांडीवर पीळ देत देत वीतभर धागा काढला. मग तो दोन हातांत धरून हलकेच ताणून पाहिला, आणि तो तुटला. "ताण्याला नाही चालायचा," ती म्हणाली, "बाण्याला चालेल." म्हणजे मागावरच्या ताणलेल्या उभ्या धाग्याला नाही, आडव्याला. मग पुन्हा एक पुंजका घेतला. ऐंशी ओलांडलेल्या तिच्या बोटांना आता सुई ओवता येत नाही, पण हे येते. माळ्यावरच्या ट्रंकेत एक जुनी लाकडी कांडी आहे, ती काढून दे म्हणाली आहे.

ते उद्या पाहू. उद्या नळाला पाणी आहे, शेवंतीच्या आंघोळीचा दिवस आहे, आणि डाव्या कानामागे वाटाण्याएवढी एक गाठ आज संध्याकाळी बोटांना लागली आहे.